गेनूची रिकामी मोट

माळकोंडीच्या विहिरींना अजून पायऱ्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. माणूस दोर धरून खोबणीत पाय रोवत खाली जायचा आणि तसाच वर यायचा. त्या काळातला गेनू. त्याला डोळ्यांनी पाहिलेलं आज कुणी नाही. ज्यांनी पाहिलं होतं, त्यांच्या नातवंडांची नातवंडंही आता काठी टेकत चालतात. तरी त्याचं नाव घेतल्याशिवाय माळकोंडीत कुणी विहिरीत पाय सोडत नाही.

गेनूला थोरला भाऊ होता, सिदू. दोघं विहिरी खोदायचे. आईबाप पटकीत गेले तेव्हा गेनू सिदूच्या कडेवर होता. सिदूनं त्याला कडेवरून जे खाली ठेवलं ते एकदम विहिरीच्या तळालाच, असं म्हणतात. तिथंच तो चालायला लागला आणि तिथंच त्यानं पहार धरली.

सिदू धीराचा माणूस. नवा दगड लागला की तो आधी त्यावर तळवा ठेवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. गेनूला तेवढा दम कुठला.

"आधी हात लाव," सिदू म्हणायचा. "दगड गार हाय का कोमट, वला हाय का कोरडा, बघ तर."

"हात लावून फुटणार हाय व्हय त्यो?" असं म्हणत गेनू घाव घालून मोकळा व्हायचा.

मग चीप उडून त्याच्याच कपाळाला लागायची. सिदू जखमेवर हळद दाबायचा. "बघ, तू न्हाई लावलास, तर त्यानंच तुला हात लावला," म्हणायचा आणि हसायचा.

शाळा गेनूनं एकदाच पाहिली होती. बाजारच्या गावी देवळाच्या ओवरीत पंतोजी मुलांना धुळाक्षरं शिकवायचे. गेनू तिथं बसला, दोन अक्षरं गिरवली, आणि वारा येऊन ती पुसली गेली तसा वैतागून उठून आला. सिदूनं त्याला परत विहिरीवर नेलं. त्याचं स्वतःचंही तेवढंच झालं होतं.

मग एका साली पाऊस पाठ फिरवून गेला. गावच्या विहिरीत घागर सोडली की ती दगडावर वाजायची. माळकोंडीत एक जुनी विहीर होती, तिला थोरली म्हणत. तिच्यात कधीकाळी जनावर पडलं म्हणून तिच्या तोंडावर शिळा लोटून ती बंद केलेली होती. ती उघडायची, गाळ काढायचा, अजून खोल जायचं, असं गावानं ठरवलं. काम अर्थातच सिदूकडं आलं.

आता इथं माळकोंडीची रीत सांगायला हवी. विहिरीत आसरा राहतात, पाण्यातल्या सात बहिणी, असं गाव मानायचं. म्हणून बंद विहीर उघडली की परडीत दिवा ठेवून तो आत सोडायचा. दिवा तेवत तळाला गेला तर आसरा खूश. वाटेत विझला तर आसरा रुसल्या. मग एकानं हिरवा खण, बांगड्या आणि नारळ अशी ओटी घेऊन उतरायचं आणि ती खाली मांडून यायची. तेही लगोलग, रुसवा वाढायच्या आत. आणि कमरेला दोर न बांधता, कारण बांधलेला माणूस आला तर आसरांना वाटणार की याचा आपल्यावर भरवसा नाही.

शिळा सरकवली. दिवा सोडला. तो अर्ध्यातही गेला नाही तोच विझला.

सिदूच्या बायकोनं, ठकूनं, ओटी बांधून दिली. सिदूनं ती छातीशी धरली. गेनू काठावर पालथा पडून वाकून बघत होता.

"तू वाकू नगंस, मला उजेड येत न्हाई," सिदू खालून म्हणाला.

गेनू तसूभरही हलला नाही. सिदू उतरत गेला, लहान होत गेला, आणि मग खालून काहीच आवाज आला नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. गेनूनं दोर हाताला गुंडाळला आणि कुणी धरायच्या आत स्वतःला आत सोडलं. अर्ध्यावर त्याचे पाय खोबणीतून सुटले, डोळ्यांपुढं काजवे आले. लोकांनी दोर ओढला म्हणून तो वर आला. सिदूला धोतरात लोखंडी गळ अडकवून वर काढावं लागलं. अंगावर कुठं ओरखडा नाही, तोंडात पाणी नाही. निजल्यासारखा.

"आसरांनी नेला," गावातली जाणती माणसं म्हणाली आणि शिळा परत लोटली. पाणी लोक दूरच्या ओढ्यावरून आणू लागले.

गेनूनं विचारलं, "नेला म्हंजे कसा नेला?"

"नेला म्हंजे नेला."

"विहीर कोरडी, तर बुडवला न्हाई. रगत न्हाई, तर मारला न्हाई. मग आसरा करत्यात तरी काय नेमकं?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. गेनूला तेच सहन होईना. थोरलीच्या काठावर शेंदूर लावलेले आसरांचे सात दगड होते. एका दुपारी तो पहार घेऊन त्यांच्यावर धावून गेला. ठकू मध्ये येऊन उभी राहिली. तिनं कुंकू पुसल्याला अजून महिना झाला नव्हता.

"सरा बाजूला, वैनी."

"फोडा. पर भावजी, आधी सांगा, ह्यांनीच केलं हे तुमाला कुणी सांगितलं?"

"समदं गाव सांगतंय."

"गाव तर मला बी कायबाय सांगतंय. पांढऱ्या पायाची म्हणतंय. मग माझ्या बी डोक्यात घालणार का पहार?" ती म्हणाली. "ज्यानं नेलं त्याला मारा, मी अडवणार न्हाई. पर कुणी नेलं त्ये आधी हुडकून या."

गेनूनं पहार तिथंच टाकली आणि तसाच चालू लागला. पायात वहाण नव्हती, असं म्हणतात.

सुरुवातीला तो वेड्यासारखा विचारायचा. भेटेल त्याला अडवायचा. माणूस विहिरीत उतरतो आणि मरतो, का? लोक त्याला भाकरी द्यायचे आणि पुढं पाठवायचे. एका गावात तो लोहाराच्या भात्यापाशी बसला. तिथंही त्यानं तेच विचारलं. लोहार म्हणाला, "विहिरीतलं मला काय म्हाईत बाबा. मला इस्तवातलं म्हाईत हाय. त्येच्याबद्दल इचार."

गेनू थबकला. आपण सगळ्यांना आपलंच विचारत फिरतोय, आणि ज्याला जे येतं ते कुणालाच विचारलेलं नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. तो लोहाराकडं राहिला. भाता ओढायला शिकला, नांगराचा फाळ तापवून त्याला धार काढायला शिकला. निखाऱ्यावर मडकं पालथं घातलं की निखारा मरतो, हे त्यानं तिथं पाहिलं.

"कशानं मरतो?"

"कोंडून."

"कोंडल्यावर काय हुतं त्येला?"

लोहारानं हातोडा खाली ठेवला. "माझ्या बापाच्या बापापासनं आमी निखारं झाकतोय," तो म्हणाला. "ह्यो सवाल कुणी केला न्हाई. आता रातभर मला झोप न्हाई लागायची, तू जा बाबा हितनं."

तिथून तो चुना भाजणाऱ्यांच्या भट्टीवर गेला. थंडीत भट्टीच्या उबेला सगळे निजायचे, पण भट्टीच्या खालच्या बाजूला एक खळगा होता, तिथं कुणी निजत नसे. तिथं निजलेला सकाळी उठत नाही, एवढं त्यांना माहीत होतं. भुताचा खळगा म्हणायचे. गेनूनं खळग्याच्या काठावर बसून कितीतरी दिवस घालवले. आत सरडा जायचा आणि उलटा पडायचा. काठीनं वर काढून ठेवला की उठून पळायचा. भूत सरड्याला का धरतं आणि लगेच का सोडतं, हे त्याला उमगेना.

असा तो फिरत राहिला. कुणी म्हणतं चार वर्षं, कुणी म्हणतं चौदा. वाटेत तो घोंगडी विणायला शिकला, कासाराकडं बांगडी भरायला शिकला, मेंढक्याकडून वाऱ्याचा वास घ्यायला शिकला. सारखं विचारायचा म्हणून त्याचं नाव इचाऱ्या पडलं. पुढं पुढं तर तो चिमणीला दाण्याचं विचारायचा आणि चिमणी उडून न जाता त्याला सांगत बसायची, असं म्हणतात. आता पूर्वीसारखा तो धावून जात नसे. विचारायचा आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसायचा. दगडावर तळवा ठेवून उभं राहावं तसा.

शेवटी तो नदीकाठच्या एका हळदीच्या गावी पोचला. तिथं जमिनीच्या पोटात पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं, रांजणासारखं अरुंद तोंडाचं कोठार. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकायची आणि बाजाराला न्यायची तेव्हा उघडायची. हे काम भागाबाई नावाच्या म्हातारीच्या घराण्याकडं होतं. तिनं गेनूच्या देखत एका पेवाचं तोंड फोडलं आणि बाजूला बसून पान लावायला घेतलं.

"उतरायचं न्हाई का?" गेनूनं विचारलं.

"इतक्यात? मरायचंय व्हय तुला?" भागाबाई म्हणाली. "उघडल्या उघडल्या पेवात उतरला त्यो वर आला न्हाई कधी. उद्या उतरायचं. तवर आतला कोंडा, कोंडलेला वारा, निघून जातो."

गेनू पुढं सरकला. "दिवा सोडला तर?"

"आत इझतो. इझायचा थांबला की उतरायचं."

"इझला म्हंजे आसरा रुसल्या?"

म्हातारी तोंडातलं पान सांभाळत हसली. "हळदीत कुठल्या रं आसरा? त्या पाण्यातल्या बायका. हितं आल्या तर पिवळ्या हून जातील."

गेनू मातीत बसला आणि पोटभर रडला. म्हातारीनं त्याला रडू दिलं. मग त्यानं तिच्याकडून दिवा मागून घेतला आणि पेवाच्या तोंडाशी पालथा पडला. दिवा खाली सोडायचा, विझला की वर घ्यायचा, पेटवायचा, परत सोडायचा. तेल संपलं, म्हातारीनं आणखी दिलं. आणि त्याला दिसलं की दिवा कुठंही विझत नाही. दर वेळी एकाच उंचीवर विझतो. जशी काही तिथं एक रेघ आहे. रेघेच्या वर तेवतो आणि खाली गेला की बुडतो.

बुडतो, हा शब्द त्याच्या मनात आला आणि तो उठून बसला. पेवात पाणी भरलंय. डोळ्यांना न दिसणारं पाणी. ते जड आहे, खाली बसतं, खळग्यात साचतं. दिवा त्यात बुडतो, सरडा बुडतो, माणूस बुडतो. सिदू कोरड्या विहिरीत बुडाला होता.

गेनू विहिरी खोदणाऱ्यांच्या घरातला. पाण्याचं काय करायचं हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. त्यानं पोहरा घेतला, रिकामा आत सोडला, रिकामा वर काढला आणि लांब नेऊन पालथा केला. परत सोडला, परत काढला. सगळं हळदीचं गाव हसायला गोळा झालं.

"काय काढतोयस रं?"

"पाणी."

"दिसत न्हाई ते?"

"न्हाई दिसत."

"मग जरा हळू काढ, दमशील."

पण दिवा सोडला तेव्हा रेघ हातभर खाली गेलेली होती. भागाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या तोंडातलं पान खाली पडलं, असं म्हणतात. दुपार कलायच्या आत पेव मोकळं झालं. उद्याची वाट बघावी लागली नाही.

तेवढ्यात माळकोंडीच्या बाजूचा एक घोंगडीवाला त्या गावी आला. त्यानं सांगितलं, माळकोंडीचा ओढाही यंदा आटला, लोक वाळूत पाझरणारं पाणी वाटीवाटीनं भरतायत, आणि येत्या पुनवेला थोरली परत उघडणार आहेत. ओटी कोण नेणार म्हणून विचारलं तर कुणी पुढं होईना. शेवटी ठकू उठली म्हणे. माझा माणूस आधीच त्यांच्याकडं हाय, मला त्या काय करतील, असं म्हणाली.

गेनू जो निघाला तो थांबला नाही. एका दमात त्यानं तीन नद्या ओलांडल्या आणि त्याच्या पावलाखालची धूळ खाली बसायला दुसरा दिवस उजाडला, असं म्हणतात.

तो पोचला तेव्हा शिळा सरकवून झाली होती. दिवा सोडून झाला होता आणि विझलाही होता. ठकू पदर खोचून, ओटी छातीशी धरून काठावर बसली होती. तिचा एक पाय आत खोबणीत होता.

गेनूचा जुना स्वभाव उसळून वर आला. तिला ओढून बाजूला फेकावं आणि गावावर ओरडावं, असं त्याला वाटलं. त्यानं काठाच्या दगडावर तळवा ठेवला आणि श्वास खाली बसू दिला.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी सांगितलं व्हतं त्ये हुडकून आलोय. पाय वर घ्या."

ठकूनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या दाढीत पांढरं आलं होतं. "कुणी नेलं?" तिनं विचारलं.

"सांगतो. पर आधी दावतो."

तेव्हाचा पाटील पुढं झाला. "ओटीला उशीर नगं, गेनू. आसरा आधीच रुसल्यात. तुझ्या घरानं भोगलंय, तुलाच ठावं."

आता गेनूनं काय सांगितलं बघा. तुमची रीत खोटी, असं तो बोलला नाही. तो म्हणाला, "पाटील, आसरा किती साल कोंडून बसल्यात आत? शिळा आपणच लोटली. घरी पाव्हणी आली, तर तिला आधी वारा घालतो का तिच्या अंगावर नारळ ठेवतो? त्यांच्या अंगावर शिळा वारा साचलाय. त्यो आधी उपसू. मग ओटी मी नेतो."

"वारा उपसायचा कसा?"

"मोटेनं."

गाव हसलं. पण बायका हसल्या नाहीत. कोंडलेल्या घरात बसणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. ठकूनं ओटी खाली ठेवली आणि स्वतः बैलांची जोडी आणायला गेली. थोरलीवर चामड्याची मोट बांधली. बैल चालले, कोरडी मोट खाली गेली, कोरडी वर आली आणि थारोळ्यात, काठावरच्या दगडी कुंडात, पालथी झाली. काहीच पडलं नाही. परत गेली, परत आली. बाकीच्यांनी कडुलिंबाच्या फांद्या दोराला बांधून आत वरखाली घुसळल्या. सकाळची उन्हं डोक्यावर आली. थारोळ्यातून निघणाऱ्या पाटात चाललेली मुंग्यांची रांग एकाएकी थांबली आणि मग पाट सोडून वर चढायला लागली. एका बाईनं तिथं पणती नेऊन धरली, तर ती विझली. मग मात्र हसणं थांबलं. काहीतरी येत होतं वर. दिसत नव्हतं, पण येत होतं.

दिवा सोडला. तो अर्ध्याच्या खाली जाऊन विझला. परत मोट चालली. पुन्हा दिवा सोडला, तो आणखी खाली विझला. उन्हं कलताना दिवा तळाच्या गाळावर टेकला आणि तिथं तेवत राहिला, एखाद्या घरात लावून ठेवावा तसा.

गेनूनं कमरेला दोर बांधला. त्याला कुणी अडवलं नाही. ओटी घेऊन तो उतरला आणि उतरताना सारखा बोलत राहिला, म्हणजे वरच्यांना कळावं की तो आहे. "हितं मुरूम. हितं काळा दगड. हितं पिंपळाची मुळी, पार आतवर आलीया." मग तळाशी गेल्यावर तो गप्प झाला. वर ठकू काठावर आणखी वाकली. दोर ओढायचा म्हणून माणसं वाकली, तेवढ्यात दोराला खालून हलकासा हिसका बसला. थांबा.

तळाला आसरा बसल्या होत्या, असं म्हणतात. साती जणी, केस ओले, डोळे नुकत्या उठलेल्या माणसासारखे. गेनूनं ओटी पुढं ठेवली आणि विचारलं, "माझ्या भावाला तुमी नेला?"

थोरली आसरा म्हणाली, "आमी कशाला नेऊ रे? त्यो आला तवा आमीच निपचित पडलो व्हतो. त्यो ओटी मांडून आमच्यापाशी बसला, तेवढं आठवतंय."

गेनूनं दिव्याच्या उजेडात बघितलं. कपारीत जुना खण होता, रंग उडालेला. त्यावर नारळ उभा आणि बाजूला बांगड्या. एकही फुटलेली नव्हती.

"मला एकच सांगा," तो म्हणाला. "शेवटाला त्यानं काय बघितलं?"

"त्ये आमी कसं सांगणार? ज्याचे डोळे त्यानं सांगायचं," ती म्हणाली. "तू त्याच्या जागी बस आन् वर बघ."

गेनू बसला. वर बघितलं. भाकरीएवढं आभाळ दिसलं, आणि त्याच्या कडेनं वाकलेली डोकी. त्यात ठकूचं तोंड स्पष्ट ओळखू येत होतं. त्या दिवशी तिथं कुणाचं तोंड होतं, ते गेनूला कुणी सांगायला नको होतं. उजेड अडवून वाकलेलं. नको म्हटलं तरी न हललेलं.

वर आल्यावर त्याला गूळपाणी दिलं आणि सगळे भोवती बसले. तो अंधार पडेपर्यंत सांगत राहिला. दगडाचे थर सांगितले, मुळी सांगितली, दिव्याची रेघ सांगितली, पेव आणि सरडा सांगितला. आसरांचंही सांगितलं. मग ठकूला म्हणाला, "वैनी, दादानं ओटी नीट मांडली व्हती. पडली न्हवती."

"एकबी बांगडी फुटली न्हाई?"

"एकबी न्हाई."

ठकू म्हणाली, "तसाच व्हता त्यो."

थोरलीला पुढं अमाप पाणी लागलं. गेनू मात्र विहिरींपाशी थांबला नाही. शिकायची चटक लागली ती सुटली नाही. म्हातारपणी ठकूनं त्याला गोधडी घालायला शिकवली आणि रोज टाके उसवून परत घालायला लावले. शेवटी त्याला न्यायला मरण आलं, तर त्यानं मरणाला बसायला घोंगडी दिली आणि विचारलं, तू कुठून आलास, वाटेत दगड कसला लागला. मरण सांगत बसलं आणि ज्या घटकेला यायचं होतं ती टळून गेली. असं पुष्कळदा झालं, असं म्हणतात.

आज माळकोंडीच्या विहिरींवर मोटरी आहेत. तरी कुणाला खाली उतरायचं असलं की आधी रिकाम्या बादल्या काढून लांब नेऊन पालथ्या करतात. त्याला गेनूची मोट म्हणतात. दिवा तळाला टेकल्यावरच माणूस उतरतो, कमरेला दोर बांधून. आणि तो खाली असेपर्यंत त्याची माणसं काठावर वाकून उभी राहतात, उजेड अडला तरी हलत नाहीत. तो वर आला की त्याला गूळपाणी देतात आणि खाली काय बघितलं ते विचारतात. सांगितल्याशिवाय त्याला कुणी जाऊ देत नाही.

परवाच तालुक्याहून एक मोटर दुरुस्त करणारा आला होता. काम उरकून वर आला. त्याला घाई होती.

"काय बघितलंस?" म्हाताऱ्या बायकांनी विचारलं.

"काही नाही. अंधार होता."

"अंधार तर हितनं आमाला बी दिसतोय. तुला काय दिसलं?"

तो वैतागला, मग बसला, मग जरा आठवायला लागला. "एका कपारीत घरटं आहे," तो म्हणाला. "पिल्लं होती. मी खाली गेलो तर माझ्याकडं बघून चोची उघडायला लागली."

"कसली पिल्लं?"

"ते नाही बघितलं."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं रिकामी बादली उचलली. त्यानं हातातला गूळपाण्याचा पेला खाली ठेवला, उठला आणि दोर परत कमरेला बांधायला घेतला.